नावं नसलेली यादी घेऊन खानदेशात चार दिवस

ऑफिसातल्या मित्राचे वडील भुसावळचे. मालगाडीचे गार्ड म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं काढली. या पस्तीस वर्षांत घरच्या डब्यापेक्षा बाहेरचंच जास्त खाल्लं, असं काकू सांगतात. खानदेशात कुठे काय खायचं हे त्यांनाच विचारावं म्हणून फोन केला, तर दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो आला. निळ्या पेनानं, ठसठशीत अक्षरात लिहिलेली यादी. तिच्यात एकाही हॉटेलचं नाव नव्हतं.

'भरीत : काड्यांचा ढीग दिसला तर थांबा. सिलिंडर दिसला तर पुढे जा.'
'बट्टी : रविवारी. इतर दिवशी कालची असते.'
'शेवभाजी : शेव पानात पडेस्तोवर कडक पाहिजे.'
'जिलेबी : बऱ्हाणपूर. काळी दिसली तर घाबरू नका.'
'चांगदेव : खायला काही नाही. बसा.'

असं पानभर. परत फोन लावला. "काका, निदान दोनचार नावं तरी?"

"नावं काय करशील भो? दुकान पोराकडे जातं, आचारी नाशिकला जातो. खूण पाहायची."

बायको सांगलीची. वांग्याच्या भरतासाठी एवढ्या लांब जाणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला, असं ती गाडीत बसेपर्यंत म्हणत होती.

पहिला दिवस : जळगाव, असोदा

डिसेंबरचा दुसरा आठवडा, शनिवार. पहाटे जळगावला उतरलो तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो त्याच गावात रिक्षावाले कानाला मफलर गुंडाळून शेकोटीभोवती उभे होते. लॉजवर सामान टाकलं, स्टेशनजवळच्या गाडीवर पोहे खाल्ले (वर इतकी शेव की पोहे शोधावे लागले) आणि ऊन चढायच्या आत मेहरूण तलावाकडे गेलो.

यादीत मेहरूणपुढे एकच शब्द होता : बोरं. तलावाच्या रस्त्याला एक आजी पाटीत बोरं घेऊन बसल्या होत्या. मेहरूणची बोरं जळगावात नावानं विकली जातात, आणि नावाला भाव असल्यामुळे कुठलीही बोरं मेहरूणचीच होतात. आजींना तसं म्हटलं तर त्यांनी रागावून एक बोर माझ्या हातावर ठेवलं. "खाय, मंग बोल." खाल्लं. आंबटपणा नावापुरता, गर भरपूर, बी लहान. पाव किलो घेतली ती तलावाला अर्धी फेरी होईतो संपली, म्हणून परत आलो. आजींनी यावेळी वजन करताना चार जास्त टाकली, पण हसल्या नाहीत.

दुपारी मी मोठी चूक केली. हायवेला लागून एक 'अस्सल भरीत' होतं आणि त्याच्या दारात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा माणूसभर उंच ढीग रचलेला होता. खूण जुळली म्हणून आनंदानं आत शिरलो. भरीत आलं ते गुळगुळीत, वर तेल तरंगणारं, आणि धुराचा वास औषधालाही नाही. हात धुवायला मागं गेलो तर गॅसच्या मोठ्या शेगडीवर वांगी ओळीनं पडलेली. बाहेरचा ढीग गणपतीच्या सजावटीसारखा वर्षभर तसाच असावा.

काकांना कळवलं. पलीकडून बराच वेळ हसणं, मग दुरुस्ती : "ढीग काय पाहतो? राख पाहा."

राख दिसली ती संध्याकाळी असोद्याला. जळगावपासून रिक्षानं पंधरावीस मिनिटांचं हे गाव भरताच्या पार्ट्यांसाठी अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं इथे पुष्कळ. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग जी मोकळीक मिळते ती थंडी संपेपर्यंत चालते. चंपाषष्ठी होऊन आठवडा झाला होता, त्यामुळे आम्ही ऐन धामधुमीत पोचलो. एका शेताच्या कडेला पत्र्याची शेड, बाजूला राखेचं काळं वर्तुळ, आणि त्यात पुन्हा नव्या काड्या रचणं चाललेलं.

इथली वांगी पाहिल्यावर पुण्यातलं काळं-जांभळं वांगं विसरायचं. ही फिकट हिरवी, अंगावर पांढऱ्या रेघा, हातात घेतलं तर तळहात भरून वर उरणारी. बिया कमी, साल पातळ. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण शेडमधल्या माणसाला त्याचं काही नव्हतं. त्याच्या मते वांगं बामणोदचं आहे एवढं पुरेसं होतं. यावल तालुक्यातलं हे गाव. तिकडची माती वेगळी, असं तो म्हणाला, आणि 'वेगळी' म्हणजे काय हे चिमटीत काहीतरी चोळून दाखवलं.

काड्या पेटल्या की भसकन जाळ होतो आणि लवकर विझतो. या दोन्हींच्या मधल्या वेळात वांगी काठीनं उलटीपालटी करत राहायची. साल कोळसा झाली की बाहेर काढून पाण्यात बोटं बुडवत, देठ धरून सोलायची. दोन बाया हे काम गप्पा मारत, वांग्याकडे न बघता करत होत्या. मग लाकडी भांड्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण आधी ठेचायचा, त्यात वांगी घालून पुन्हा ठेचायचं. शेवटी तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मूठ-मूठ कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. मी टोमॅटोचं विचारलं तेव्हा एक बाई दुसरीकडे बघून हसली, तेवढ्यावर विषय मिटला.

केळीच्या पानावर भरीत, कळण्याची पुरी, कच्चा कांदा, मुळा आणि वाटीत दही. कळणा म्हणजे ज्वारीत थोडे उडीद घालून मीठ टाकून केलेलं दळण. त्याची भाकरी होते तशी पुरीही होते. बाहेरून कुरकुरीत, आत किंचित चिवट. भरताचं तिखट पहिल्या घासाला कळत नाही. तिसऱ्या घासाला कानामागे घाम आला. सांगलीकरीण मान खाली घालून जेवत होती. चौथी पुरी मागताना तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं.

जाणार असाल तर : हंगाम नोव्हेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत धरा. शेतावरच्या भरताला दुपारीच फोन करून किती माणसं ते सांगावं लागतं. दर किलोवर असतो आणि एका किलोत आमच्यासारखे चार जण होतात, तिथले दोन. रात्री परतायला रिक्षा मिळत नाही, येतानाची थांबवून ठेवा.

दुसरा दिवस : भुसावळ

जळगाव ते भुसावळ रेल्वेनं अर्धा तास. काका प्लॅटफॉर्मवरच उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, त्यावर हातानं विणलेला स्वेटर. या स्टेशनातून एक लाईन नागपूरकडे जाते, दुसरी इटारसीकडे. त्यामुळे देशभरातले रेल्वेवाले इथे राहून गेले, आणि रेल्वेच्या वस्तीत इडलीपासून छोले-भटुऱ्यांपर्यंत सगळं मिळतं. "पण ते तुला पुण्यात भेटंन," असं म्हणून काकांनी त्या सगळ्या गाड्या ओलांडल्या.

रविवार होता, म्हणजे बट्टी. क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत एका घराच्या ओसरीवर सहा टेबलं. बोर्ड नाही. बट्टी म्हटलं की मला राजस्थानची निखाऱ्यात भाजलेली बाटी आठवायची. इथली वेगळी. गव्हाचं जाडसर पीठ, त्यात ओवा, हळद, तेलाचं मोहन. घट्ट मळून गोळे करायचे, ते वाफवायचे, गार झाले की कापायचे आणि तळायचे. पानात आली की हातानं चुरायची, त्यावर तुरीचं घट्ट वरण, तुपाची धार, लिंबू. बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. ती भाजी लेवा पाटलांच्या लग्नाच्या पंगतीतून आली आहे आणि वांगी डावानं इतकी घोटलेली असतात की तुकडा सापडला तर आचाऱ्याची चूक धरतात.

मी फोटो काढत होतो. काकांचं अर्धं पान झालं होतं. "खाई राहिला का नुसता पाही राहिला?"

"पण रविवारीच का?" मी विचारलं.

"रविवारी गर्दी असते. सकाळी केलेलं दुपारी संपतं. सोमवारी उरलेल्या बट्ट्या पुन्हा तळतात, त्या तेल पितात." बस, एवढंच कारण. मी त्यामागे काहीतरी परंपरा असेल म्हणून वही काढून बसलो होतो.

दुपारी त्यांच्या घरी आडवे झालो. पाहुण्याला जेवल्यावर झोपवणं हे काकूंच्या मते जेवणाचाच भाग आहे.

रात्री शेवभाजी. पूर्वी ज्याला सहा नंबरचा हायवे म्हणायचे आणि आता त्रेपन्न म्हणतात, त्या नागपूर रस्त्यावर ढाब्यांची रांग आहे. पहिल्या ढाब्यात बसलो, पोऱ्यानं पाणी ठेवलं, कांदा ठेवला. काकांनी शेजारच्या टेबलावरच्या वाटीकडे बघितलं आणि उठले. तिथली शेव रश्श्यात फुगून बोटाएवढी झाली होती. पाणी पिऊन असं उठायला मला फार कानकोंडं झालं. काकांना अजिबात नाही. "पाण्याचे पैसे दे त्याला पाहिजे तर."

दुसऱ्या ढाब्यात रस्सा वेगळा आला, शेव वेगळी. ही शेव फरसाणातली नाही. जाड, लसूण-तिखट घातलेली, रश्श्यात पाचेक मिनिटं तग धरील अशी. रस्सा काळा. कांदा आणि सुकं खोबरं जवळजवळ जळेपर्यंत भाजून, लसूण आणि खडा मसाला घालून वाटलेला, वर लाल तर्री. मूठभर शेव टाकायची, तीनचार घास खायचे, मग पुन्हा मूठभर. शेव अर्धी भिजलेली, अर्धी कुरकुरीत असते तो क्षण धरायचा. ज्या ढाब्यात स्वयंपाकघरातूनच शेव घालून आणतात तिथे तो क्षण दारातच संपलेला असतो.

बायकोला उचकी लागली. काकांनी दही मागवलं नाही, गूळ मागवला. उचकी थांबली.

एक सूचना : 'कमी तिखट' सांगून उपयोग होत नाही, रस्सा एकाच पातेल्यातला असतो. तर्री न घालता द्या, असं सांगा. ते ऐकतात.

तिसरा दिवस : सावदा, फैजपूर, बऱ्हाणपूर

काकांनी ओळखीच्या माणसाची गाडी ठरवून दिली होती. भुसावळ सोडून तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळी सुरू होते आणि रावेर मागे पडेपर्यंत थांबत नाही. घडांना पिशव्या बांधलेल्या, बांधावर कापलेल्या खोडांचे ढीग, ट्रकमध्ये पानांच्या गाद्यांवर रचलेली हिरवी केळी. सकाळचं धुकं त्या पानांवर अडकून राहतं, त्यामुळे रस्ता मोकळा आणि शेतं पांढरी असा उलटा देखावा होता.

सावदा-फैजपूर पट्ट्यात रस्त्याकडेला कढया असतात. कच्चं केळं सोलून किसणी थेट कढईवर धरतात, चकत्या सरळ उकळत्या तेलात. मीठ पाण्यात विरघळवून तळतानाच शिंपडतात. त्यावेळी तेल असं खवळतं की आम्ही दोघं मागे सरलो आणि तळणारा पोरगा खूश झाला. काकांची खूण : 'पाकीटबंद घेऊ नका, कढईतलं घ्या, गाडीत पिशवी उघडी ठेवा.' उघडी ठेवली नाही तर वाफेनं वेफर मऊ पडतात. आमची अर्धी पिशवी पडली.

फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. ड्रायव्हरनं ते सांगितलं आणि लगेच, त्याच दमात, इथल्या एका गाडीवरचा चहा कसा बिघडलाय तेही सांगितलं.

रावेरनंतर मध्य प्रदेश लागतो. पाट्यांची भाषा बदलते, बोलण्याची बदलायला वेळ घेते. बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. म्हणजे खानदेशची जुनी राजधानी आज महाराष्ट्रातच नाही. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच गेली आणि तापीपलीकडे तिला आधी पुरलं होतं, ताजमहालाचं सगळं नंतरचं. जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे. तो दाखवणाऱ्या आजोबांनी आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून मराठीतच सांगायला सुरुवात केली, आणि लेखापेक्षा मला त्याचंच जास्त अप्रूप वाटलं.

मशिदीच्या आसपासच्या बाजारात जिलेबी शोधली. मावा आणि आरारूट यांच्या पिठाची, बोटाएवढी जाड, तळून तपकिरी-काळी झालेली. दिसायला पाकातल्या दोरखंडासारखी. काळी दिसली तर घाबरू नका असं काकांनी का लिहिलं ते कळलं. चव गुलाबजामच्या जवळची, पण कडेला जिलेबीचा चिवटपणा. मुंबईत रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर 'बऱ्हाणपूर मावा जिलेबी' अशा पाट्या लागतात, त्या मी वर्षानुवर्षं वाचल्या होत्या. मूळ गावी ती लोक उभ्या उभ्या, सकाळी अकराला, नाश्ता म्हणून खात होते. दोन वेढ्यांनंतर मी हरलो. बायकोनं दराबाही घेतला, रवा, तूप आणि साखर फेटून फेटून हलका केलेला. तो तिला जिलेबीपेक्षा आवडला. मला नाही, घशाला चिकटतो.

मग मांडे. यादीत दोनदा लिहिलं होतं, एकदा बऱ्हाणपूरपुढे, एकदा जळगावपुढे. मला वाटलं काका विसरले. बऱ्हाणपूरचा मांडा म्हणजे प्रचंड मोठी, रुमालासारखी पातळ रोटी. माणूस कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा करतो आणि पालथ्या कढईवर फेकतो. कढई झाकून वर उरतो एवढा मांडा. लग्नाकार्यात रश्श्याबरोबर वाढतात. आम्ही गरम गरम नुसताच फाडून खाल्ला, कारण रस्सा मटणाचा होता आणि बायको शाकाहारी. त्या माणसाला आमची कीव आली असावी. त्यानं आपल्या डब्यातली बटाट्याची भाजी पुढे केली.

जाणार असाल तर : भुसावळहून बऱ्हाणपूरला गाड्या भरपूर, रेल्वेनं तासाभराचा रस्ता. स्टेशन गावाबाहेर आहे. जिलेबी गरमच खायची, घरी न्यायची तर दराबा न्या.

चौथा दिवस : चांगदेव, पुन्हा जळगाव

मुक्ताईनगरजवळ तापी आणि पूर्णेचा संगम. काठावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ. खायला खरंच काही नव्हतं. हतनूर धरणाच्या फुगवट्यानं नदी तळ्यासारखी पसरलेली, दूरवर एक होडी, ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं. तीन दिवस पोटानं जे सोसलं ते बघता काकांनी हा थांबा जेवणाच्या यादीत का घातला असेल ते पोटालाच कळलं. तास-दीड तास बसलो. पिशवीतली मऊ पडलेली वेफर उन्हात ठेवून बघितली, काही उपयोग झाला नाही.

दुपारी जळगावात मांडे करणाऱ्या बाईंकडे. दुसरा मांडा तो हा. बारीक चाळलेल्या गव्हाच्या पिठात पुरण भरून, हातांवरच, बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत पसरवत नेतात आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकतात. लाटणं कुठेच नाही. उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेला आंब्याच्या रसाबरोबर याला खरा मान. बऱ्हाणपूरचा मांडा रश्श्याचा, हा पुरणाचा, पण हातांची ती झेलाझेल तीच. मधे नव्वदेक किलोमीटर अंतर आणि एका राज्याची सीमा. बाईंना मी तिकडच्या मांड्याचं सांगितलं. "त्यात पुरण नाही? मंग काय खातात?" असं विचारून त्या पुढच्या गोळ्याकडे वळल्या.

रात्रीची गाडी होती. जायच्या आधी रिक्षा असोद्याकडे वळवली, किलोभर भरीत आणि दोन डझन कळण्याच्या पुऱ्या बांधून घेतल्या. भरीत गरम असताना डबा बंद करू नका, रात्रीत आंबतं. पुऱ्या तीन दिवस टिकतात. कळण्याचं दळणही पिशवीतून मिळतं, पण ते आम्हाला सुचलं गाडी सुटल्यावर.

स्लीपरमध्ये दहाच्या सुमाराला डबा उघडला तर सगळ्या डब्यात वास. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

"असोद्याचं का?"

हो म्हटलं. त्यांनी विचारलं नाही, पुरीचा तुकडा तोडून थोडंसं भरीत घेतलं, दिव्याकडे धरून पाहिलं. त्यात सालीचा एक काळा कण होता. तो बोटानं बाजूला काढून त्यांनी मला दाखवला.

"काड्यांचं आहे," म्हणाले आणि सीटखालून आपला डबा काढला.